जावयांच्या पुस्तकातले राक्षस

आई, तू असतीस तर हे पुस्तक बघून आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग त्यावर थुंकली असतीस, म्हणून तुलाच लिहितेय. भावाला सांगावं तर कॉलिंग कार्डाची मिनिटं त्याच्या गुडघेदुखीतच संपतात. मी आता लेकीकडे आहे, जर्सी सिटीत, इतक्या उंचावर की खालची माणसं मोहरीएवढी दिसतात. लेक आणि जावई सकाळी ट्रेन पकडून न्यूयॉर्कला ऑफिसात जातात, आणि नात शाळेतून आली की माझी. काय सांगू तुला, पहिलीत आहे, तुझ्यासारखीच सावळी, जिवणीही तुझीच. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं काही अडत नाही. फक्त जेवताना गोष्ट लागते.

तर हे पुस्तक. जावयांच्या लहानपणचं, त्यांच्या काकांनी युरोपातून आणलेलं, जाड पुठ्ठ्याचं, पानोपानी चित्रं. मुंबईहून इथे येताना त्यांनी ते कपड्यांत गुंडाळून आणलं म्हणे. मला इंग्रजी कुठलं वाचायला, माझी मराठी शाळाच तिसरीत सुटली. मी चित्रं बघून गोष्ट रचते. एक गोरा मुलगा, त्याची होडी, पुढे जंगल. जंगलातून कोळशासारखी मंडळी उड्या मारत येतात, डोळे बटाट्याएवढे, ओठ म्हणजे लाल टायर, कमरेला गवत, आणि सगळ्यांची तोंडं एकाच साच्यातली. मी म्हटलं, "आले बघ राक्षस! खा पटकन." आठवडाभर त्या राक्षसांच्या जिवावर वरणभात संपला. मी खूश, नात खूश.

खालच्या मजल्यावर नातीच्या वर्गातली एक मुलगी राहते, काळ्या लोकांतली. केसांच्या बारीक वेण्यांना रंगीत मणी, चालली की वाजतात. तिलाही तिची आजीच सांभाळते, म्हणजे ती बाई माझ्याच धंद्यातली. त्या दिवशी दोघी आमच्याकडे खेळत होत्या. नातीने सोफ्याची होडी केली आणि म्हणाली, "आय अ‍ॅम द बॉय. यू बी द राक्षस." ती म्हणाली, "व्हॉट्स अ राक्षस?" नातीने पुस्तक उघडून बोट ठेवलं. पोर चित्राकडे बघत राहिली. मग बूट घातले, लेस तशीच लोंबत ठेवली, आणि निघून गेली. मला वाटलं, शू लागली असेल.

संध्याकाळी जावयांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो आई, ते राक्षस नाहीत. आफ्रिकेतली माणसं आहेत ती."

"माणसं? ही?"

"त्या काळी तसंच काढायचे. क्लासिक आहे ते."

"त्या काळी त्यांना असे ओठ होते का?"

"तसं नाही हो..."

"मग काढणाऱ्याच्या डोळ्यांत काय पडलं होतं?"

मग त्यांनीच पुढची पानं उलटली. तिथे आपण होतो, आई! ढेरपोट्या राजा, खिळ्यांवर झोपलेला हाडकुळा बुवा, पुंगीवाला, आणि सगळे गोऱ्या पोरासमोर कमरेत वाकलेले. सापाला बरा चेहरा दिलाय, आपल्याला नाही. असला चित्रकार आमच्या दारात आला असता तर मी त्याला रांगोळीचे ठिपकेसुद्धा काढू दिले नसते. म्हटलं, "जावईबापू, लहानपणी तुम्ही खेळात कोण व्हायचा?" म्हणाले, "अर्थात, तो मुलगा." "आणि जंगली कोण?" त्यांनी पुस्तक मिटलं, पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "आमच्या कामवाल्या बाईंचा मुलगा. नेहमी तोच."

मला तू आठवलीस. बाजारात पोतं पसरून बांगड्या भरायला बसायचीस आणि मी शेजारी. एकदा एका बाईने हिरव्या मागितल्या आणि मी पचकले, "काळ्या हाताला कशा दिसतील?" तू तिच्यादेखत मला उठवलंस, उन्हात उभं केलंस, आणि त्या बाईचा हात मांडीवर घेऊन इतक्या हळू बांगड्या भरल्यास की मला चटके बसावेत. रंग काळा काढला की राक्षस होतो हे आपल्याकडच्या कॅलेंडरवाल्यांनीही मला शिकवलंच होतं. त्यांची अक्कलही काही फार लांब गेलेली नव्हती.

ती मुलगी पुन्हा आली नाही. नात दारातल्या भोकातून बघायची, "शी हेट्स मी, आजी," म्हणायची, आणि वरणभात तसाच राहायचा. शेवटी शनिवारी मी नातीला आणि पुस्तकाला घेऊन खाली गेले. दार त्या आजीने उघडलं, केस पांढरेशुभ्र, माझ्याहून हातभर उंच. मी म्हटलं, "सॉरी. बेबी नो. मी. आय टेल राक्षस." आणि आपल्या लोकांचं पान काढून त्या ढेरपोट्या राजावर आणि मग स्वतःवर बोट ठेवलं. तिचा ओठ जरा हलला. मग तिने स्वतःच मागची पानं उलटली, त्या जंगलावर थांबली, आणि पुस्तक मिटून दोन बोटांत धरून मला परत दिलं, मेलेला उंदीर द्यावा तसं. म्हणाली, "माय बेबी क्राइड." एवढं इंग्रजी मला कळतं. मग नातीकडे बघून म्हणाली, "यू कम ऑन इन, हनी." नात आत गेली आणि दार लागलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहून टाकते. घरी मी सांगितलं की तिने मला आत बोलावून कॉफी दिली. तसं काही झालं नाही. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसले. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग मणी वाजले, मग दोघींचं हसणं, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. कागदाला पाय लागला तरी नमस्कार करायला तू शिकवलंस, आणि आई, मी त्या पुस्तकावर बसले होते. उठल्यावर नमस्कार केला नाही.