लातूर शाखेच्या राउटरसोबत

विश्रांतवाडी, पुणे
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. शुभंकर यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं नेहमीसारखं चालू आहे. थंडी बरी आहे. तुमच्याकडे नव्या तुरीची आवक सुरू झाली असेल. शेफाली बरी असेल, आणि संस्कृती आता पहिलीत गेली म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की तुझ्या लेकीची बातमी मला अण्णांकडून कळते, आणि अण्णा बातम्या किती मोजून देतात हे तुला माहीत आहे.

हे पत्र राउटरच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवलं आहे. माझं अक्षर ओळखून खोकं तसंच परत पाठवू नकोस, राउटरने तुझं काही वाकडं केलेलं नाही. सहा वर्षांत मी तुला पहिल्यांदाच लिहिते आहे. अण्णांना हे पत्र माहीत नाही. तू ते शेवटपर्यंत वाचावंस एवढंच मला हवं आहे, म्हणून कामाचं आधी लिहिते. कामाचं तू वाचतोस.

जुना राउटर काढ, पण फेकू नकोस. ब्रॉडबँडच्या डब्यातून येणारी वायर नव्या राउटरच्या पहिल्या खाचेत घाल, दुकानातल्या कॉम्प्युटरची दुसऱ्या. बाजूला सिमकार्ड बसवलेलं आहे, ते उपसून बघू नकोस. लाइन गेली तर त्यावर चालेल. सुरू केल्यावर दिवे बराच वेळ लुकलुकतात. तेवढा धीर धर. तू लहानपणी रेडिओला थापट्या मारायचास, तसं इथे चालत नाही.

आता तुझा प्रश्न. अकोल्याच्या गोदामात किती माल आहे हे लातूरला बघायला एवढा वेळ का लागतो, असं तू गेल्या महिन्यात अण्णांना विचारलंस. अण्णांनी मला सांगितलं, “तुझं मशीन नीट चालत नाही म्हणतो.” तू नेमकं काय विचारलंस ते नंतर पेढीवरच्या बजरंगकाकांनी सांगितलं. प्रश्न चांगला होता.

आपल्या पाच शाखांना साधं इंटरनेट आहे. त्याचा पत्ता कंपनी वाटेल तेव्हा बदलते. आज लातूरचा एक, उद्या दुसरा. पत्ता कायम फक्त मार्केट यार्डच्या पेढीतल्या राउटरचा. म्हणून प्रत्येक शाखेचा राउटर सुरू झाला की आधी पेढीशी एक बंद वाट तयार करतो आणि सांगतो, मी लातूर, सध्या मी या पत्त्यावर आहे. पेढीचा राउटर ते लक्षात ठेवतो. या सगळ्या व्यवस्थेला डीएमव्हीपीएन म्हणतात. नाव लक्षात ठेवायची गरज नाही.

खरी गंमत पुढे आहे. लातूरला अकोल्याशी काम पडलं, की लातूरचा राउटर पेढीला विचारतो, अकोला आत्ता कुठे आहे? पेढी पत्ता सांगते. मग लातूर आणि अकोला आपसात थेट वाट काढतात, कुलूपबंद, बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. माल, भाव, पावत्या सगळं त्या वाटेने जातं, पेढीवर बोजा पडत नाही. काम संपलं की थोड्या वेळाने ती वाट आपोआप मोडते. पुन्हा काम पडलं की पुन्हा तयार होते. उद्या उदगीरला शाखा काढली तर बाकीच्या शाखांत एक अक्षर बदलावं लागत नाही.

हे मी चार वर्षांपूर्वीच बसवलं होतं. पण थेट वाटा बंद ठेवून. अण्णांची तशी अट होती.

“शाखा शाखेशी बोलत नाही, पेढीशी बोलते,” ते म्हणाले. “मधल्या मधे कोण काय ठरवतं ते मला कळायला नको?”

“अण्णा, माणसं नाही, राउटर बोलतात.”

“लावणारी माणसंच ना?”

मग काय, लातूरला अकोल्याचा साठा बघायचा असेल तर तो अकोल्याहून पुण्याला यायचा आणि पुण्याहून लातूरला जायचा. म्हणून वेळ लागत होता. मशीन नीट चालत होतं.

डिसेंबरात पेढीसमोरचा रस्ता खोदताना मशीनने केबल तोडली, तो दिवस तुला आठवत असेल. तुझी लाइन चालू होती, अकोल्याची चालू होती, आणि तरीही तुम्ही एकमेकांना दिसत नव्हतात. तुझा भरलेला ट्रक दिवसभर उभा राहिला. तू अकोल्याला साधा फोनही केला नाहीस, कारण तो रिवाज नाही. अकोल्याच्या माणसानेही केला नाही. दोघंही पेढीलाच फोन लावत बसलात आणि पेढीची लाइन एंगेज.

अण्णांना मी हे दाखवलं. “एक दिवस बंद राहिलं तर आभाळ कोसळलं का?” एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

तर आता थेट वाटा मी सुरू केल्या आहेत. शिवाय दुसरा मुख्य राउटर माझ्या घरी बसवला आहे. मार्केट यार्ड बंद पडलं तर पत्ते सांगायला कुणीतरी हवं, नाहीतर जुन्या वाटा तेवढ्या थोडा वेळ टिकतात आणि नवी एकही निघत नाही. हा राउटर लावलास की बार्शी, अकोला, जळगाव, सोलापूर, सगळे तुला थेट सापडतील.

अण्णांची परवानगी घेतली का, असं तू विचारशील. नाही घेतली.

थोडं वेगळं लिहिते. आईच्या वर्षश्राद्धाला तू आला होतास. मी वाढत होते. तू अण्णांना म्हणालास, “ताईला सांगा, आमटी वाढायला.” मी तुझ्या पानासमोर वाकलेली होते, आमटीचं पातेलं हातात. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, “आमटी हवी आहे त्याला.” मग मी वाढली. पंगतीतल्या कुणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. आपल्या घरात तसंच असतं, असं मी धरून चालले होते.

शुभंकर, अण्णा हॉस्पिटलमध्ये आहेत. भोगीच्या दिवशी सकाळी पेढीवर झटका आला. उजवा हात चालत नाही. समजतं सगळं, पण बोलता येत नाही. बोलणं परत येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. तू रोज फोन करतोस आणि बजरंगकाका तुला “अण्णांचा घसा बसलाय” म्हणून सांगतात. त्यांच्यावर चिडू नकोस. मी पहिल्याच दिवशी अण्णांना विचारलं होतं, शुभंकरला कळवू? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही. मीही गप्प बसले. वय एवढं वाढलं, पण अण्णांनी नाही म्हटलं की नाही.

गुरुवारी बजरंगकाका हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तू लातूरला गेलास त्या आठवड्यात अण्णांनी मला सांगितलं होतं, “शुभंकर म्हणतो, ताईनं तिच्या कॉम्प्युटरपुरतं राहावं, पेढीत नाक खुपसू नये.” ते मी सहा वर्षं गिळून बसले. तुला त्यांनी काय सांगितलं, ते काकांनी सांगितलं: “ताई म्हणते, शुभंकर पुण्यात असेल तर मी पेढीची पायरी चढणार नाही.”

“दोगंबी असं बोलला न्हाईत, ताई,” काका म्हणाले. “म्या तितंच बसलो होतो. तुमी म्हनला होता, शुभंकरला हाताशी घेऊ. त्यो म्हनला होता, ताईशिवाय जमायचं न्हाई.”

मी विचारलं, एवढी वर्षं गप्प का राहिलात? ते म्हणाले, मालकाचं बोलणं मालकानं सांगायचं. हासुद्धा रिवाजच.

मी हे कधीच बोललेले नाही. तू असं बोलला नव्हतास हे मला आता कळलं. आणि आपण दोघांनीही एकमेकांना एकदाही विचारलं नाही. विचारायचं तर कुणाला? अण्णांनाच. मी विचारलंही होतं. ते म्हणाले, “जाऊ दे, तापट आहे तो.” तुलाही असंच काहीतरी म्हणाले असतील.

का केलं असेल, याचा मला एक अंदाज आहे. आपण दोघं बोललो असतो तर पेढी आपण चालवली असती, चांगली चालवली असती, आणि अण्णांना विचारायला कुणी आलं नसतं. त्याची त्यांना भीती वाटली असावी. समजतं मला. तरी राग आला. अजून आहे. आजारी वडिलांच्या अंगावर पांघरूण घालताना राग यावा हे बरं दिसत नाही, पण येतो.

त्याच संध्याकाळी मी अण्णांना सरळ विचारलं, तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत का? त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते.

मग परवा, शुक्रवारी, त्यांनी डाव्या हाताने फोन मागितला. त्यांना नावं वाचता येतात. बराच वेळ ते बोटाने खालीवर करत होते. मला वाटलं बाजारभाव बघायचे असतील. त्यांनी तुझा नंबर लावला आणि वाजत असलेला फोन माझ्या हातात दिला. स्वतःच्या कानाला नाही लावला.

तू म्हणालास, “बोला अण्णा.”

मी बोलले नाही. तू म्हणालास, घसा बसला असेल तर बोलू नका, नुसतं ऐका. मग तुरीचा भाव सांगितलास. संस्कृतीचा पुढचा दात पडला, ती आरशासमोरून हलत नाही, हे सांगितलंस. शेफाली तुम्हाला काढ्याची पुडी पाठवते आहे म्हणालास. आईच्या वर्षश्राद्धानंतर तुझा आवाज मी ऐकला नव्हता. जाडा झाला आहे. पोक्त माणसासारखा. मला किती वेळा तोंड उघडावंसं वाटलं. अण्णा माझ्याकडे बघत होते, आणि माझ्याकडून एक ‘हॅलो’ निघेना. मी फोन बंद केला. अण्णांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या फोनवर अण्णा नव्हते. ऐकत होते ती मी.

फोनवर जमलं नाही, माझा नंबर तू बंद करून ठेवलेला आहेस, म्हणून लिहिते आहे. आज रात्री पेढीचा ट्रक लातूरला निघतो, सकाळी हे तुझ्या हातात पडेल. वर एवढी वायरींची माहिती लिहिली ती विसर. राउटर कुणीही लावेल. तू निघ. अण्णांना विचारायला थांबू नकोस. मी तुला बोलावते आहे, मी स्वतः. मला तू इथे हवा आहेस.

फोनच्या शेवटी तू एक विचारलंस, दोनदा विचारलंस, आणि उत्तर न मिळता फोन बंद झाला. “अण्णा, जेवलात का?”

जेवले होते रे. अर्धी वाटी पेज. डाव्या हाताने, सांडत, पण स्वतः.

तुझी,
ताई