एकट्याने चालू झालेलं इंजिन

प्रिय कुमुद,

फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस. ‘कार्बोरेटर’ शब्द आला की तुझं ‘अच्छा, जेवलात का?’ सुरू होतं. म्हणून हे पत्र. स्पीड पोस्टने टाकतोय, शनिवारपर्यंत मिळेल. परवा तू दोन गोष्टी विचारल्यास. कोचीचं ऑफिस सांभाळणार का, हे खात्याला पुढच्या सोमवारी कळवायचंय, तर काय कळवू? आणि क्लबच्या बोटीचं इंजिन चालू होतंय का? पहिल्यावर मी नुसतं ‘बघू’ म्हणालो. तुला ते लागलं, आवाजावरून कळलं. पण दुसऱ्याचं उत्तर हातात आल्याशिवाय मला पहिल्याबद्दल बोलायचं नव्हतं.

तू महिन्याच्या ट्रेनिंगला म्हणून कोचीला गेलीस आणि इकडे थंडी पडली. नदीवर असं धुकं, की समोर वझिराबादचा पूल आहे यावर विश्वास बसू नये. आपलं टू-स्ट्रोक इंजिन तुला माहीतच आहे. उन्हाळ्यात दुसऱ्या ओढीला गुरगुरतं, थंडीत दोन माणसं मागतं. मी दोरी ओढायची आणि तू टाकीपाशी बसून नळीवरचा रबरी फुगा दाबत राहायचा. किती हिवाळे आपण हे केलं! क्लबचे सेक्रेटरी बत्रासाहेब म्हणायचे, “नरसिंहजी, ये इंजिन नहीं, जॉइंट अकाउंट है. दोनों के साइन लगते हैं.” आणि तू म्हणायचीस, “हाँ भाईसाहब, और बैलेंस में सिर्फ धुआँ!”

तू गेल्यावरचा पहिला रविवार. वल्हवायला शिकणारी पोरं लाइफ जॅकेट घालून काठावर उभी. आपली बोट मागे असल्याशिवाय त्यांना पाण्यात सोडत नाहीत. मी टाकीचा हवेचा स्क्रू उघडला, फुगा दगडासारखा घट्ट होईपर्यंत दाबला, चोक ओढला, दोरी खेचली. एकदा खोकलं आणि गप्प. पुन्हा तेच. शेवटी पोरं घरी गेली. बत्रासाहेब सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाले, “अब इसे म्यूझियम भेज दो यार, नया ले लेते हैं.” कोच चेतना म्हणाली, “काका, मी दाबते ना फुगा.” मी नको म्हटलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, आला यांचा ताठा! असेल. पण तिला बसवलं असतं तर जे मला सापडलं ते सापडलंच नसतं.

आता नीट वाच, गाळू नकोस. मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. फायली सांभाळता सांभाळता मॅन्युअलं वाचून शिकलो. पण क्रम मोडत नाही. आधी ठिणगी. दोन्ही प्लग काढले, ठिणगी निळी आणि जाड. मग सिलिंडरमधला दाब. तोही ठीक. मग पेट्रोल. हल्लीचं पेट्रोल पडून राहिलं की पाणी धरतं, म्हणून टाकी रिकामी करून ताजं भरलं, कार्बोरेटर उघडून जेट फुंकून साफ केले. तरी तेच. मग दोरी सोडून मी नुसता फुग्याकडे बघत बसलो. दोन ओढींनंतर तो मऊ पडत होता. म्हणजे इंजिन पेट्रोलऐवजी हवा ओढत होतं. पण कुठून?

तेव्हा तुझं बोलणं आठवलं. तू दर वेळी म्हणायचीस की तुझ्या हातमोज्यांना पेट्रोलचा वास येतो, आणि मी म्हणायचो की मग काय अत्तराचा येणार? नळी इंजिनाला जिथे जोडली जाते त्या जोडावर मी कोरडा कागद गुंडाळला आणि फुगा दाबला. कागद ओला! आतली बारीक रबरी रिंग वाळून कडक झाली होती. उन्हात ती फुगून घट्ट बसायची, थंडीत आक्रसायची, आणि त्या फटीतून हवा आत. तू फुगा दाबत राहायचीस, म्हणून ती फट कधी जाणवलीच नाही. कुमुद, आपण दोघं मिळून इतकं छान जमवत होतो की बिघाड आहे हेच कळलं नाही!

रिंगेसाठी काश्मिरी गेटला गेलो. दुकानदार म्हणाला, “सब एक ही है, बाबूजी.” सब एक नसतं. त्याची रिंग घरी आणून पेट्रोलच्या बाटलीत बुडवून ठेवली, तर फुगून जिलबी झाली. परत गेलो, ती त्याच्या काउंटरवर ठेवली, आणि पेट्रोल सोसणारी मागून घेतली. तीही बुडवून पाहिली, मगच बसवली.

आजच्या रविवारी मी एकटा बोटीत. काठावर बत्रासाहेब, हात खिशात, चेहऱ्यावर नव्या इंजिनाचं कोटेशन. फुगा एकदाच भरला आणि सोडून दिला. चोक ओढला. पहिल्या ओढीला खोकलं, चोक आत ढकलला, दुसऱ्या ओढीला लागलं, कुमुद! आणि लागलेलंच राहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बत्रासाहेबांनी खिशातून हात काढले. मी मान वळवून पाहिलं नाही, पण दिसलं मला.

आता पहिलं उत्तर. गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, “नाहीच कळवते, तुमचं इंजिन कोण चालू करणार?” हसत म्हणालीस. पण त्याआधी त्या ऑफिसच्या खिडकीतून खाडी कशी दिसते हे तू मला तीन वेळा सांगितलं होतंस. क्लार्क म्हणून लागलेली बाई, घर सांभाळून एकेक खात्याची परीक्षा देत इथवर आली. तिला ते ऑफिस हवंय, हे मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलं नसतं. तेव्हा सोमवारी हो कळव. मला करमणार नाही, ते मी बघेन. आणि एक सांगून टाकतो. इंजिन लागल्यावर मी क्लबात पेढे वाटले. बत्रासाहेबांना वाटलं, इंजिनाचे. मी म्हटलं, इंजिन तो चलना ही था जी, ये मिसेस की तरक्की के हैं, कोची ऑफिस की प्रमुख हो गयी हैं. डबा चाटूनपुसून रिकामा झाला. आता तू नाही म्हणालीस तर पेढे मी कोणाकोणाकडून परत मागू?

तुझाच,
नरसिंह