परत आलेलं मीठ

हाले, मार्च १८७८

प्रिय आल्विना,

तू कशी आहेस? पाठीचं दुखणं थांबलं का? जावईबापू हिनरिक बरे ना? बंदरातल्या गारठ्यानं त्यांचा खोकला पुन्हा उठला असेल, तर छातीला हंसाची चरबी चोळ, लाजले तरी ऐकू नकोस. बाळाला दात आले का? आणि तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं दिसतं म्हणतात ना त्या? त्यांना सांग, हा म्हातारा जन्मभर मिठाच्या कढईपुढे उभा होता, अक्षरं शिकला ती पोत्यांवरची नावं वाचून. तेवढ्यात जमलं ते जमलं.

तुझं पत्र पोचलं. ईस्टरनंतर तुम्ही तिघं बोटीनं अमेरिकेला निघणार, हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तेच लिहिलेलं होतं. "नाताळात बाबांना मुरांबा पाठवला, दोन ओळींचंही उत्तर नाही. त्यांनी मला टाकलंच, मग निरोप घ्यायला तरी कशाला येऊ?" असं विचारतेस. पोरी, जरा दम धर. मला नीट सांगू दे.

तुझे आजोबाही मीठ उकळणारेच. खारं पाणी किती आटलं, हे ते जिभेवर थेंब ठेवून सांगायचे. आम्हा दोघा भावांनाही त्यांनी तेच शिकवलं. माझी जीभ कामापुरती होती. तुझ्या बाबांची, लेब्रेख्तची, भलतीच हुशार. एवढासा असताना म्हणायचा, "यात मिठाखेरीज आणखी काहीतरी कडू आहे." आजोबा खेकसायचे, "मीठ विकायचंय की त्याची वंशावळ लिहायचीय?" पण आमच्या आईनं त्याला शाळेत घातलंच. मी कढईपाशी राहिलो. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हिवाळ्यात सगळ्या गावात ऊबदार जागा तेवढीच होती.

पुढे तो विद्यापीठात रसायनं शिकवायला लागला. व्याख्यानं प्रोफेसरांची, आणि नव्या पोरांचे हात धरून त्यांना नळी कशी धरायची ते शिकवणारा हा. कुठलीही पांढरी पूड आली की आधी स्वतःच्या जिभेवर. "मुलांनो, पहिलं नाक, मग जीभ, मग पुस्तक." तुझी आई, देव तिला शांती देवो, म्हणायची, "अहो, एक दिवस गळून पडेल ती जीभ, मग माझ्यावर कशानं ओरडणार?" तो कधी ओरडलाच नाही, हीच तर पंचाईत. वर्गात घसा बसेपर्यंत बोलणारा माणूस, पण स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

तुला प्रयोगशाळेत बसायचं होतं. मुलींना मनाई. बाबांनी प्रोफेसरांपाशी एकदा शब्द टाकावा, एवढंच तुझं म्हणणं. त्यानं टाकला नाही. "दुसऱ्यांच्या नळ्या धुता धुता तोंड उघडायचं विसरलात तुम्ही!" असं म्हणून तू दार आपटलंस, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. खरं होतं, म्हणूनच त्याला लागलं. तू ब्रेमेनला गेलीस, लग्न केलंस. तो आला नाही.

गेल्या रविवारी त्याच्याकडे गेलो, तर टेबलावर तुझी बरणी, अर्धी संपलेली. पावाला आलुबुखाराचा मुरांबा फासून डोळे मिटून खात होता. "खा, दादा. अगदी तिच्या आईच्या हातचा." मी चांगला मोठा घास घेतला. आल्विना, इतकं खारट मी जन्मात तोंडात घातलं नव्हतं, आणि हे एक मीठ उकळणारा सांगतोय! साखरेऐवजी मीठ ओतलंस गं पोरी. माझ्या डोळ्यांतून पाणी. "काय झालं?" म्हणाला. "ठसका लागला," म्हटलं. आणि त्यानं सुरी पुन्हा बरणीत बुडवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याची जीभ मेली आहे. गोड, खारट, सगळं एकच. त्यानं कुणाला कळू दिलेलं नाही.

पण तोही दुधखुळा नाही. माझा ठसका त्याला पटला नव्हता. मंगळवारी गेलो तर खिडकीत काचेची नळी. मुरांबा पाण्यात कालवून, गाळून निवळ केला होता आणि त्यात चांदीच्या द्रावणाचे थेंब टाकले होते. मीठ असलं की पांढरं दही साकळतं आणि उन्हात जांभळं होत जातं, लहानपणी तुला दाखवायचा तेच. नळीचा तळ जांभळा झाला होता. आणि शेजारी पाव, त्यावर तुझा मुरांबा! मी ओरडलो, "अरे, कळलंय तरी खातोस?" तर म्हणतो, "आपल्या गावच्या जाड्याभरड्या मिठाला साखर कोण समजेल, दादा? हे माझंच मीठ आहे. परत आलंय."

आता ऐक. तू नव्या घरात शिरलीस, तेव्हा रीतीप्रमाणे पाव आणि मीठ माझ्या नावानं आलं होतं ना? पाव माझा होता. मीठ त्याचं. आमच्या कढईतलं राखाडी, खडबडीत मीठ त्यानं विरघळवलं, गाळलं, आटवलं, पुन्हा विरघळवलं, साखरेसारखं बारीक आणि शुभ्र होईपर्यंत. "माझं नाव सांगू नकोस," म्हणाला होता. तेच तू डब्यात भरलंस आणि साखर समजून ओतलंस. तुला उत्तर लिहायला तो रोज बसतो. "प्रिय आल्विना" एवढं लिहितो आणि दौतीला झाकण लावतो. दुसरी ओळ त्याला या जन्मी सुचायची नाही, म्हणून ती मी लिहितोय. बोटीवर चढण्याआधी ये. काही बोलू नकोस, बाळाला त्याच्या मांडीवर ठेव आणि पाव काप. येताना नवी बरणी आण, या खेपेला आधी डबा चाखून बघ. जुनी संपवल्याशिवाय तो राहणार नाही, आणि दिवसभर घटाघटा पाणी पितोय बिचारा. कुठल्या गाडीनं येतेस ते लगेच कळव. मी स्टेशनावर उभा असेन, तोंड उघडायला न शिकलेल्या एकाला बरोबर घेऊन.

तुझाच,
योब्स्टकाका