तीन माणसांचा तंबू

प्रिय ठकूस,

तुझं पत्र पोचलं. यंदा तीन सहली ठरल्यात आणि तिन्हींना चालेल असा एकच तंबू सुचवा म्हणतेस. तंबूवाल्याची लेक असून हे विचारतेस, म्हणजे दिव्याखाली अंधारच म्हणायचा. सगळीकडे चालणारा तंबू घ्यायला गेलीस तर एक ना धड भाराभर चिंध्या होतील. मलाही तुला एक विचारायचं आहे, आणि तुझा होकार आल्याशिवाय मी ते करणार नाही. पण आधी तुझं काम.

डोंगरावर बुटका तंबू न्यायचा, वरचं कापड जमिनीला टेकणारा. उंच तंबू वाऱ्याला आयताच सापडतो. शिवाय तो पाठीवर वाहायचा असतो. दुकानात हलका वाटलेला तंबू तिसऱ्या चढाला जड होतो. समुद्रकाठी जाळीच्या खिडक्या जितक्या जास्त तितकं बरं. वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत, म्हणून पिशव्यांत वाळू भरून त्यांना दोर बांधायचे. सासरच्या मंडळींबरोबर गाडीनं जाणार, तिथे वजनाची फिकीर नको, आत उभं राहता येईल असाच घे. सासूबाईंना गुडघ्यांवर रांगायला लावलंस तर ती सहल तुला जन्मभर ऐकावी लागेल.

आणि आईचा नियम विसरू नकोस. तंबूच्या चिठ्ठीवर जितकी माणसं लिहिली असतील त्यातून एक वजा करायचा. कारखान्यातली माणसं झोपेत कूस बदलत नाहीत आणि त्यांच्याकडे सामानही नसतं, असं ती म्हणायची. तिचा दुसरा नियमही दुकानात अजून पाळतो: गिऱ्हाइकानं तंबूत आडवं होऊन पाहिल्याशिवाय विक्री नाही. शाळेतून आलीस की तू मांडलेल्या तंबूतच झोपायचीस, आणि आम्ही गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगायचो.

त्याच नियमानं यंदा गंमत केली. समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई आठवतात ना, तुझा पहिला चष्मा केला त्या? फाटका तंबू घेऊन आल्या. समुद्रकाठचा तंबू त्यांनी डोंगरावर नेला होता. गावाला नीट वाचायला लावणाऱ्या बाईंनी स्वतः चिठ्ठी वाचली नाही, असं मी बोलून गेलो. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, मग नवा दाखवा. मी नियम सांगितला. त्या आडव्या झाल्या आणि चक्क झोपल्या, चांगल्या तासभर. मी भर दुपारी दाराला बंदची पाटी लावून बाहेर स्टुलावर बसलो. जाग आल्यावर त्यांना जराही संकोच नाही. उलट मलाच विचारलं, तुम्ही तंबूत शेवटचे कधी झोपलात. आठ वर्षं झाली, ठकू. तुझी आई गेल्यापासून मी लोकांना डोंगरावर पाठवतो आणि स्वतः कुलूप लावून घरी जातो.

त्यानंतर बाई रोज संध्याकाळी चहाला येतात. आपला शिंपी म्हणतो की मी शिवताना गुणगुणतो. माझं मला कळतही नाही. तुझ्या आईची आठवण कमी झालेली नाही, पण मी आनंदात आहे. या वयात हे लेकीला लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

पत्रासोबत आमचा जुना, दोन माणसांचा तंबू पाठवतोय. पहिल्या सहलीत त्यात आम्ही एकमेकांना रात्रभर कोपरं मारली, आणि आईचा नियम तिथेच जन्माला आला. शिवणी नव्यानं घातल्यात, बुटका आहे, डोंगराला चालेल. नुकतं लग्न झालेल्यांना नियम लागू नाही, तुम्हा दोघांना तो पुरेल. महिनाअखेर तळ्याकाठी जायचा विचार आहे. त्यासाठी मांडणीवरून तीन माणसांचा तंबू काढून ठेवलाय. आईचा नियम लाव, म्हणजे मी काय विचारतोय ते कळेल. नको म्हणालीस तर तो निमूट परत मांडीन, कुरकुर करणार नाही. हो म्हणणार असशील तर मात्र लवकर लिही, कारण बाईंनी पिशवी भरूनसुद्धा ठेवलीय.

तुझाच,
बाबा