तार कुठं तुटली

हिंगोली, आषाढ, १९४८

मन थाऱ्यावर न्हाई. दुपारी तारकचेरीत तुटलेल्या तारेचा रोध, म्हंजे विजेला होणारा अडथळा, मोजला. त्यावरून तुटल्या जागेचं अंतर काढलं, तर ते बराबर हट्टा गावाच्या अलीकडं, माझ्या ताईच्या गावाशी आलं.

पोलीस जमादार कचेरीत उभाच होता. "कुठं तोडली चळवळवाल्यांनी?"

ताईची लेकरं डोळ्यांपुढं आली. मी दोन कोस अलीकडचं माळरान सांगितलं. तिथं कुणी राहत न्हाई, असं वाटलं होतं.

"म्हंजे लमाणांच्या तांड्यापाशी," जमादार म्हणाला. "सगळ्यांना धरून आणतो."

तो निघाला. मी मागं पळालो. "थांबा, मोजणी चुकली."

पुन्हा मोजलं, आकडा तोच. या खेपेला खरं गाव सांगितलं. काहून सांगितलं? पण तांड्यातही लेकरं असतीलच ना?

दिवेलागण झाली. ताईच्या गावाला गेलेले पोलीस अजून परतले न्हाईत.