पडवळाच्या मांडवाची खुंटी

मुलुंड पूर्व,
२ सप्टेंबर १९८४

प्रिय दत्ताराम,

सकाळपासून कानात मिठागराच्या बैलगाड्या वाजताहेत. तू हा शेजारचा प्लॉट घेतलास त्या दिवशी त्या अशाच घुंगरं वाजवत गेल्या होत्या आणि तू म्हणाला होतास, म्हातारपणी इथे दोन खोल्या बांधीन आणि हेच ऐकत पडेन. गाड्या कधीच गेल्या. तुझे गुडघे कसे आहेत? कणकवलीचे वैद्य अजून तेलच चोळायला सांगतात का? तू बालमित्र, वर बायकोचा भाऊ. तेव्हा विचारपूस दुप्पट करायला हवी. ती केली असं समज.

इकडची हकीकत अशी. हायवे झाला तेव्हा मला वाटलं, रस्ता म्हणजे माणसांना इथून तिथे नेणारी वस्तू. (शाळेतल्या साऱ्या कवितांत वाट अशीच दूर कुठेतरी जायची. तू दुसऱ्या कडव्यात अडकायचास, मग मी मागून सांगायचो आणि छडी दोघांना.) पण हा रस्ता नेतो कमी, आणतोच जास्त. आधी पंक्चरवाला आणला, मग चहाची टपरी, मग गोदामं. आपण खेकडे धरायचो तिथे आता चार मजली सोसायटी आहे; नाव 'सागरदर्शन', दर्शन मात्र गोदामाच्या पत्र्यांचं. एवढी माणसं आली, म्हणून त्यांना हायवेवरून स्टेशनकडे न्यायला आणखी एक रस्ता हवा. तो साठ फुटी, आणि जाणार आपल्या कुंपणातून.

जूनमध्ये मोजणीवाले आले आणि आमच्या स्वयंपाकघरामागे लाल टोकाची खुंटी ठोकून गेले. मी नेमका पडवळाच्या मांडवासाठी खुंट शोधत होतो. सरकारने घरपोच दिला असं वाटून (डोक्यात एक ओळ घोळत होती, यमक जुळत नव्हतं) मी तो उपटला आणि तुझ्या प्लॉटवर ठोकला. तुझ्याकडे ऊन चांगलं, म्हणून तीस वर्षं माझी भाजी तिथेच असते. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

गेल्या आठवड्यात नंदकुमार म्हणून मोजणीचे साहेब आले. त्यांनी त्या खुंटीपासून फीत धरली आणि चुन्याची रेघ ओढली. "आजोबा, नशीब काढलंत! तुमचं किचन वाचलं, बाजूचा प्लॉट गेला." जानकीने त्यांना शिरा खाऊ घातला. मी माझी बशीही त्यांच्यापुढे सरकवली. पडवळ वाकडं वाढायला लागलं की आपण टोकाला दगड बांधतो, ते सरळ लोंबतं. रस्त्याला काय बांधायचं, सांग?

बाकी सर्व क्षेम. पाऊस बेताचा आहे.

तुझा,
धोंडिराम

ता. क. : 'सर्व क्षेम' सवयीने लिहिलं. चार दिवस गप्प बसलो, पुढे बसवेना. आज पहाटे खुंटी उपटून मूळ जागी ठोकली. (मांडव कोसळला. पडवळं खूप आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवतो.) साहेब चार वाजता पुन्हा मोजायला येताहेत. तुझा प्लॉट वाचला, आमचं स्वयंपाकघर जाईल.

ता. क. दुसरा : पत्र खरं म्हणजे यासाठी. तुझ्या प्लॉटवर आम्हाला एक चूल मांडू देशील का? आणि जानकीला हे तूच कळव. तुझी बहीण आहे, तिच्या बोलण्याची तुला माझ्याआधीपासून सवय आहे.

ता. क. तिसरा : दार वाजतंय. चाराला अजून अवकाश आहे, साहेब लवकर आले वाटतं. जानकी उघडते आहे. अरे, हे साहेब नव्हेत! दारात तू उभा, काखेत वळकटी आणि हातात जानकीच्या अक्षरातलं पोस्टकार्ड. आणि ती तुला म्हणते आहे, "ये रे दादा. लिहिलं होतं ना तुला, ह्यांना गप्प बसवणार नाही म्हणून? पहाटेच खुंटी परत नेऊन ठोकली. आता माझी चूल कुठे मांडायची, तेवढं दाखव."