मयुरीच्या पायाची वही

४ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही मयुरीची, माह्या नातीची. मिल्ट्रीच्या ट्रेनिंगातून आणलेली. पहिली दहा पानं तिच्या परेडची, मंग सारी कोरी. म्हणे, "आजी, तू चौथी शिकली ना? मंग लिही. माहे कान खाऊ नोको, वहीचे खा." बरं. पण मयुरी लिहू लिहू बोट दुखते, म्हणून नुसतं म. लिहीन. आन सुधाकरले सु. तो माहा लेक, तिचा बाप.

आज वर्ध्याच्या हाडाच्या डॉक्टरनं कागद देल्ला. हाड जुडलं! पाच महिने ट्रेनिंग केलं पोरीनं, अन् पायाच्या नळीत केसाएवढी चीर निघाली त घरी धाडून देल्ली. दीड वर्स झालं. पेटीतले मिल्ट्रीचे बूट दर शनवारी पॉलिश करते, घालत नाई. आता पुन्हा अर्ज टाकते. मेडिकल पास झालं का सरळ ट्रेनिंगात. जानेवारीत वय संपते, मंग दार बंद.

बसमध्ये मी कंडक्टरले सांगितलं. शेजारच्या बाईले सांगितलं. म. खिडकीतून बाहेर पाहून राह्यलती, जशी माह्या ओळखीचीच नाई.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी वावरात. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधतो, म. कॅनॉलच्या पुलापावतर पळत जाते आन वापस येते. टाइम मोजाले तिच्या मोबाईलात घडी हाय. मले जुड्यायचं समजते. एका दौडीत चौदा जुड्या. दिवाळीच्या आधी सतरा होत्या!

"आजी, तूच आज हळू बांधल्या."

घ्या. चाळीस वर्सं झाली बांधून राह्यली, माह्या हाताची चाल नाई बदलत.

सु. टोपल्यात वांगे भरत होता. म्हणे, "पळू दे, पळू दे. सासरी बस पकडाले कामी येईन." यानं पुलगावचं स्थळ पाहून ठेवलं. मी म्हटलं, "तुहं पोट पाहून वाटते, घरात एकानं त पळालंच पाह्यजे." म. हसून हसून खालीच बसली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कागद आला! २४ तारखेले नागपूरले मेडिकल. म. नं घरभर नाचून घेतलं, मले बी नाचवलं, माहा चष्मा पडला. फुटला नाई. सु. नं कागद दोनदा वाचला, घडी केली, आन वांग्याले पाणी द्याले निघून गेला. पाणी त सकाळीच देऊन झालतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दौडीनंतर म. नळीवर हात ठेवून बसली.

"दुखते काय?"

"नाई वं आजी. थोडी गरम लागते."

गरम म्हणजे दुखण्याची सुरवातच. पाच दिवस राह्यले. दुपारी हाडदुखीवरचा बिब्बा काढला. सुईले टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं का नळीवर फुल्या देल्ल्या. पाच द्याच्या होत्या. मंग वाटलं, मिल्ट्रीचं हाड हाय, जास्त पक्कं पाह्यजे. नऊ देल्ल्या.

"आजी, काई होणार त नाई ना?"

"तुह्या आबाजीले लावला, बापाले लावला, बैलाले लावला. काय झालं?"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उतला. बिब्बा उतला. गुडघ्यापासून घोट्यापावतर फोड. कातडी लाल, चपलेचा पट्टा सहन नाई होत. लिहवत नाई

संध्याकाळी. मले वाटलं सु. म्हणन, चला सुटलो, लावा लग्न. त्यानं पाय पाह्यला, गाडीले किक मारली, आर्वीहून खोबऱ्याचं तेल आन डॉक्टरचा मलम दोन्ही आणलं. खाली बसून सोता लावलं. लावता लावता म्हणे, "माय, तुले बॉर्डरवर ठेवाले पाह्यजे होतं. नुसता बिब्बा दाखवला असता त दुश्मन पळाला असता." म. फसकन हसली. मी आधी रडली, मंग हसली.

गोठ्यात मले एकटीले म्हणे, "तिचं झालं पाह्यजे वं माय." मंग गाईले उगाच ओरडला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नागपूर. तिघंही गेलो. म. आत, आमी बाहेर बाकावर. थोड्या वेळानं शिपाई आला, "मयुरी की दादी कौन?" मले वाटलं आता धरून नेते. सु. म्हणे, "जा माय, केलं त भोग."

आत मिल्ट्रीची डॉक्टर मॅडम. केस असे बांधले का वारा आला तरी हलत नाई.

"अम्मा, ये क्या लगाया?"

"बिब्बा, मॅडम. हड्डी पक्की करने के वास्ते."

"कितना?"

"नौ." खोटं काऊन बोलू?

लुगडं वर करून आपल्या घोट्यावरची जुनी फुली दाखवली. "ये देखो, चालीस साल की. तब से दुखा नहीं." मॅडमनं तोंडासमोर कागद धरला. हसत होती, खांदे दिसत होते.

हाडाचा फोटो साफ निघाला. पण अशा कातडीवर पास करता येत नाई, १५ डिसेंबरले पुन्हा या. "और अम्मा, तब तक इसके पैर को हाथ नहीं लगाना." मी हो म्हटलं. हळदीचं विचाराचं राह्यलं.

३ डिसेंबर, बुधवार

खपल्या पडल्या. खालून गुलाबी कातडी, तान्ह्या लेकराची असते तशी. हळद लावाची लय इच्छा होते. हात मांडीखाली दाबून बसतो. सु. नं उरलेले बिब्बे लपवले. गव्हाच्या कोठीत हायेत, मी पाह्यले. पण हात लावला नाई.

पुलगाववाल्यायचा फोन आलता. सु. म्हणे, "पोरगी कामात हाय." बस, एवढंच. आता सकाळी तो पुलावर जाऊन उभा राह्यते, म. पोहचली का हात वर करते. मले धुऱ्यावरून दिसते. जुड्या बारा.

१५ डिसेंबर, सोमवार

मॅडमनं नळी दाबून पाह्यली, एका पायावर उड्या मारायले लावल्या, बॅटरी लावून कातडी पाह्यली. फोड नाई, पण डाग राह्यले. मोजले तिनं. नऊ. म्हणे, "दाग है, बीमारी नहीं है. मैं यही लिखूँगी." पण शेवटचं वरचे साहेब ठरवतीन. हो का नाई, ते चिठ्ठीनं कळन.

निघता निघता मॅडमनं हळूच इचारलं, बिब्बा भेटते कुठी? तिच्या आईचं गुडघं दुखते. मी म्हटलं, "एक लगाना मॅडम. नौ मत लगाना."

२९ डिसेंबर, सोमवार

सु. आज पुलावर नाई गेला. दूध द्याले गेलता, रस्त्यात पोस्टमन भेटला. चिठ्ठी आली. लांब पाकीट, वर शिक्का. आता वही मांडीवर, मेथी बाजूले, पाकीट टोपल्यात वांग्यायवर.

सु. म्हणते, "फोड माय."

"तिची हाय. ती फोडन."

"मंग उजेडात धरून त पाहू."

"हात लावू नोको. मी महिनाभर हळदीले हात लावला नाई, तू दोन मिनिट थांब."

बसला बाप्पा धुऱ्यावर, गवत तोडून राह्यला. म. पुलाले शिवून फिरली, दिसून राह्यली. तिले काई मालूम नाई. पाय मस्त पडून राह्यला, दोन्ही सारखे. आतापावतर आठ जुड्या झाल्या. अकरात येते का पाहू. वही ठेवतो, नववी बांधाची हाय.